माझ्या अक्षरात तिची गोष्ट

माझं अक्षर सुंदर आहे. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण त्या काळात आमच्या अख्ख्या सोसायटीला ते ठाऊक होतं आणि मला त्याचा चांगलाच माज होता. नोटीस बोर्डावरचं 'उद्या पाणी येणार नाही' हेसुद्धा माझ्या अक्षरात इतकं देखणं दिसायचं, की लोक बादल्या भरायच्या सोडून कौतुक करत उभे राहायचे. निदान मला तसं वाटायचं.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. दादरच्या दीड खोलीतून आम्ही वाशीला दोन खोल्या आणि एका गॅलरीत येऊन पडलो होतो. मी बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून. गणपतीत आमची सोसायटी हस्तलिखित काढायची. त्याची एकच प्रत असायची, जाड दोऱ्यानं शिवलेली. ती मूर्तीसमोरच्या टेबलावर ठेवायची आणि पाचव्या दिवशी त्यातल्या निवडक गोष्टी सगळ्यांसमोर वाचायच्या, अशी पद्धत. लिहिणारे दहा-पंधरा जण, पण उतरवून काढणारा हात एकच, माझा. आणि वर मी लेखिका! एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत माझ्या दोन कथा छापून आल्या होत्या. ती कात्रणं मी टीपॉयच्या काचेखाली अशी ठेवली होती की चहाचा कप उचलताना पाहुण्याला दिसलीच पाहिजेत. सोसायटीत लेखिका म्हटलं की मीच. दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळे टेन्शन नव्हतं.

मग तळमजल्याच्या कोपऱ्यातलं घर साताऱ्याकडच्या एका जोडप्यानं घेतलं. तो कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पहाटे जायचा, दुपारी चारला परत यायचा, अंगाला कांद्याचा वास. सगळे त्याला भाऊ म्हणायला लागले. कुणाचं सिलिंडर वर न्यायचंय, कुणाच्या म्हातारीला खुर्चीसकट खाली आणायचंय, भाऊ हजर. आणि पोरांचा तर जीव की प्राण! संध्याकाळी नोटीस बोर्डापाशी उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोराला धरायचा. "काय लिवलंय गं ह्यात? वाच बघू. शाळेत कायतरी शिकिवत्यात का नुसतं डबं खाऊन येता?" माझी आठ वर्षांची लेक धावत जाऊन वाचून दाखवायची आणि शेंगदाण्याची चिक्की मिळवायची. कधी कुणी त्याच्यापुढं कागद धरला तर म्हणायचा, "चष्मा घरी राह्यला की ओ." अडाणी माणूस, पण शिक्षणाचं केवढं कौतुक, असं आम्ही शिकलेले लोक एकमेकांत म्हणायचो. त्या वर्षी तो नको नको म्हणत असताना त्याला गणपतीचा अध्यक्ष केला.

त्याची बायको माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, सातवी पास. मला ताई म्हणायची. तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं. लक्ष द्यावं असं तिच्यात काही आहे, हे मला सरांचा वर्ग सुरू होईपर्यंत कळलं नाही.

सर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी जून महिन्यात जाहीर केलं, "मागच्या हस्तलिखितात नऊ गोष्टी होत्या आणि त्यांत अकरा माणसं मेली. यंदा जरा बरं लिहू. रविवारी सकाळी दहाला सोसायटीच्या ऑफिसात या." आम्ही सात-आठ जण जमलो. मी पहिल्या खुर्चीवर, नवी वही, नवं पेन. ती मागे, जमिनीवर, मांडीत सूप आणि सुपात लसूण. सोलायला बसली होती. मला मनातून हसूच आलं.

सर म्हणाले, "एक माणूस रागावलाय. एवढंच दाखवा. पण राग हा शब्द कागदावर आला तर मी कागद फाडणार."

"संताप चालेल ना, सर?" मी विचारलं.

मी झरझर लिहून काढलं. नेत्रांतून ठिणग्या बरसल्या, मुठी वळल्या, कपाळावरची शीर ताडताड उडू लागली, सगळं. वाचून झाल्यावर मी टाळ्यांची वाट पाहत थांबले. सर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुम्ही वाचणाऱ्याला दाराबाहेर उभं करता आणि आत काय चाललंय त्याची बातमी देता. अहो, त्याला आत घ्या की." मग मागे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा."

"मी? मला काय येतंय? मी आपली लसूण सोलती."

"सोलता सोलता सांगा."

तिनं दोन-तीन पाकळ्या सोलल्या. मग मान खालीच ठेवून म्हणाली, "आमटीत मीठ न्हवतं. त्यानं समदी आमटी खाल्ली, आन मीठ मागितलं न्हाई."

सर एकदम मोठ्यानं हसले आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारली. माझ्या दोन कथा छापून आल्या तेव्हा मी त्यांना नेऊन दाखवल्या होत्या. तेव्हा मांडीवर थाप नव्हती पडली.

"पण हे अर्धवट आहे," मी म्हटलं. "वाचणाऱ्याला कळणार कसं?"

"तुम्हाला कळलं का?"

"मला कळलं."

"मग झालं की."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. नवरा पहिल्याच घासाला ओरडला, "अगं, मीठ विसरलीस!" तो माझ्यावर रागावलेला नाही एवढं त्यावरून कळलं, पण माझं समाधान काही झालं नाही.

पुढचे रविवार असेच गेले. एकदा सरांनी भांडण लिहायला सांगितलं, फक्त संवादात, आणि भांडण कशावरून आहे ते पात्रांनी बोलायचं नाही. माझी नायिका नवऱ्याला म्हणाली, "तू माझ्या विश्वासाचा चक्काचूर केलास!" सर म्हणाले, "बाई, नवरा-बायको असं फक्त नाटकात बोलतात, तेही पडलेल्या नाटकात." सगळे हसले. हसणाऱ्यांत तीसुद्धा होती, आणि ते मी आजतागायत विसरलेले नाही. तिच्या भांडणात दोन जावा सासूची भांडी वाटून घेत होत्या. "ह्यो तांब्या तू घे." "नगं, तूच घे. मला काय, मी पाणी बी कवा मागितलं न्हाई ह्या घरात." बस्स, एवढंच. आणि मला त्या दोघींच्या मधे ठेवलेला तांब्या दिसायला लागला, त्याच्या पोचे आलेल्या बुडासकट. पोचे तिनं लिहिलेही नव्हते. ते मी घातले. माझ्या डोक्यात तिच्या गोष्टीतलं भांडं आपोआप पोचे पाडून घेत होतं आणि माझ्या स्वतःच्या गोष्टीतली माणसं ठोकळ्यासारखी उभी होती. मी जळत होते. दुसरा शब्द नाही त्याला.

अशी जळजळ ज्यांना कधी झाली नाही ते भाग्यवान. ती जिन्यात भेटली की मी हसायचे, मुलांची चौकशी करायचे, तिला मूल नव्हतं हे ठाऊक असून. मग घरी येऊन कपाळावर हात मारायचे. सातवी पास! लसूण सोलणारी! मी पंधरा वर्षं लिहीत होते.

श्रावण संपत आला तेव्हा ती एका रविवारी दुपारी वर आली. हातात शाळेची दोनशे पानी वही, आत पेन्सिलीनं लिहिलेली चार पानं.

"ताई, शुद्धलेखन तेवढं बगा. बाकी हाय तसं राहू द्या."

"हो हो, ठेव."

ती जाईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "पाचव्या दिवशी ही वाचली जाईल ना? समद्यांम्होरं?"

"सर ठरवतील."

"त्यांनी हो म्हनलंय. ताई, ही गोष्ट ह्यांनी ऐकायला पायजे. बाकी कुनाला कळंल न कळंल. सात वर्सं झाली, मला ह्यांना येक सांगायचंय आन तोंडानं जमत न्हाई. चार लोकांत बसून ऐकत्याल, तवा त्यांना बी बोलायला लागनार न्हाई, मला बी न्हाई." मग हसून म्हणाली, "तुमच्या अक्षरात आली की गोष्ट खरी वाटंल."

ती गेल्यावर मी वही उघडली.

गोष्टीचं नाव होतं 'चष्मा'. एक हमाल आणि त्याची बायको. तो रोज दुपारी घरी येतो, भिंतीला टेकून बसतो आणि म्हणतो, "चष्मा घावंना. तू वाच." ती पीठ मळता मळता त्याला पेपर वाचून दाखवते. गावाकडं पाऊस झाला का, कांद्याला काय भाव, कोण वारलं. तो ऐकतो, मधेच म्हणतो, "ते परत वाच." एकदा ती चार दिवस माहेरी जाते. परत येते तर त्याच्या खिशात एक पत्र, घडीवर मळलेलं, घामानं ओलसर. "कवा आलं?" "तू गेलीस त्याच दिशी. चष्मा न्हवता." ती पत्र उघडते. बराच वेळ बघत राहते. मग असं:

"काय लिवलंय?"

"समदी खुशाल हायत म्हनं."

"मग वाचाय एवढा येळ का लागला?"

"दिराचं अक्षर खराब हाय."

ती उठते, पिशवी काढते, तिच्यात कपडे घालायला लागते.

"कुटं चाललीस?"

"गावाला जाऊन येऊ. मला आठवन आली आत्तींची."

आत्ती म्हणजे तिची सासू. तो पिशवीकडं बघतो. मग म्हणतो, "माझा पांढरा सदरा घाल त्यात."

संपली गोष्ट. पुढं कोरं पान.

मी ती उभ्या उभ्या वाचली आणि बसले. त्याला वाचता येत नाही, हे अख्ख्या गोष्टीत कुठंही नव्हतं. पत्रात काय होतं ते नव्हतं. तिनं खोटं वाचलं हे नव्हतं. त्यानं ते ओळखलं हे नव्हतं. सगळं मला समजलं होतं, आणि एक शब्द कुणी सांगितला नव्हता. नोटीस बोर्ड आठवला, चिक्की आठवली, 'वाच बघू' आठवलं. ही गोष्ट कुणाची आहे, हेही त्याच बैठकीत समजलं. तेव्हा मला काही कल्पना नव्हती वगैरे मी म्हणणार नाही. चांगली कल्पना होती.

संध्याकाळी वही टीपॉयवर राहिली. नवरा चहा घेता घेता चाळायला लागला. माझ्या कथा वाचताना तो दुसऱ्या पानावर घोरायला लागतो, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. त्या दिवशी चहावर साय धरली तरी कप तसाच. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, "कुणी लिहिलंय?" मी म्हटलं, "खालचीनं." तो उठला. चपला घातल्या आणि नाक्यावरच्या बूथवरून दादरला आईला फोन करून आला. आठ-दहा दिवसांत गणपतीला भेट ठरलेली असताना!

माझी पंधरा वर्षांची साधना, आणि त्यानं एकदा कुणाला फोन केला नाही. मी आत जाऊन भांडी आपटली. तेवढंच मला दाखवता आलं.

शनिवारी कचेरीला सुट्टी होती. दुपारी मी हस्तलिखित घेऊन बसले. काळी शाई, बोरू, पान आखून घेतलेलं. तिची गोष्ट उतरवायला घेतली आणि खरं सांगते, हाताला आवडत होतं. इतकी नेमकी वाक्यं की कुठं अक्षर दाटीवाटीनं बसवावं लागलं नाही. पांढऱ्या सदऱ्यापाशी आले. खाली चार बोटं जागा उरली होती. आणि मी बोरू शाईत बुडवून लिहिलं:

'त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. वाचता आले असते, तर त्या अभाग्याला आईचे शेवटचे तोंड तरी दिसले असते.'

मी स्वतःला काय सांगितलं, ते ऐका. म्हटलं, सगळ्या बायकांना कळायला नको का? शेवट अधांतरी राहतो. संपादकाचा तेवढा अधिकार असतोच. वा रे अधिकार! मला त्या गोष्टीतून हवा काढायची होती. ती माझ्या गोष्टींसारखी व्हायला हवी होती, म्हणजे मग आम्ही दोघी सारख्या. तिला नवऱ्याला सांगायचं होतं आणि तिच्याकडे ऐकणारा नवरा होता, याचाही मला राग होता. दोन वाक्यांत मी सगळं उरकलं. वाळूचे कण टाकून शाई टिपली, इतकं नीट.

पाचवा दिवस रविवार होता. आरतीच्या आधी, सव्वापाचला वाचन सुरू झालं. मांडवात सतरंज्या, पुढं पोरं, मागे खुर्च्या. अध्यक्ष म्हणून भाऊ पहिल्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून बसवलेले. ती बायकांत, खांबापाशी. वाचणार अर्थात मी.

मी चांगली वाचते. 'चष्मा घावंना' आलं तेव्हा पोरं खुदकन हसली. पत्र आलं तेव्हा हसणं थांबलं. मी मधे एकदा मान वर केली तर भाऊ पुढं वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि माझ्याकडे नाही, खांबाकडे बघत होता. ती त्याच्याकडे. सात वर्षांनी ते दोघं त्या पिशवीपाशी पुन्हा बसले होते, आणि मधे माझा आवाज चालला होता.

"माझा पांढरा सदरा घाल त्यात."

मी थांबले. एक श्वासभर. इथं थांबता आलं असतं. कागद माझ्या हातात, अक्षर माझं, बघणारं कुणी नाही. पण खाली दोन ओळी होत्या, माझ्या, आणि मला त्या ऐकवायच्या होत्या. मी त्या वाचल्या. 'अभाग्याला' वर आवाज थोडा कापरा केला.

आणि पुढच्या ओळीतून माझी लेक, माझीच, मागे वळून मोठ्यानं म्हणाली, "आई, म्हणून भाऊकाका आम्हाला बोर्ड वाचायला सांगतात?"

कुणीतरी तिला "श्श" केलं. ते तर आणखीनच वाईट झालं, कारण त्यानं सगळं पक्कं झालं. सर डोळे मिटून बसले होते. भाऊनं खिशावर हात फिरवला, जसा रोज फिरवायचा, चष्मा शोधल्यासारखा, आणि हात तिथंच राहिला. मग उठून म्हणाला, "चला, आरतीची येळ झाली." आरतीत तो सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होता. ती खांबापाशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही मागायला आली. मी सुरू झाले. मला फार वाईट वाटतंय, मला झोप नाही, मी तुझी अपराधी आहे, माझा हेतू तसा नव्हता, वाचकांच्या सोयीसाठी म्हणून, असं पाच-दहा मिनिटं. सगळं सांगून टाकलं, माझी रीतच ती. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "ताई, कागद तुमच्या हातात हुता. वाचताना तेवढी वळ गाळायची. मी पत्रातली न्हाई का गाळली?"

वही घेऊन ती खाली गेली. त्यानंतर रविवारच्या वर्गाला आली नाही. जिन्यात भेटली तर बाजूला होऊन मला वाट द्यायची.

भाऊनं विसर्जनाला मूर्ती उचलली, मांडव उतरवला, सिलिंडरही वर नेले. फक्त नोटीस बोर्डापाशी उभं राहणं बंद केलं. माझी लेक दोन दिवस तिथं जाऊन एकटीच मोठ्यानं वाचून आली. "पाणी सकाळी सात ते साडेसात." मग मागे वळून बघायची. तिसऱ्या दिवशी तीही जायची थांबली. सर माझ्याशी नीट बोलत, पण लिखाणाबद्दल कधीच नाही.

दसरा होऊन गेला. एका शनिवारी चारच्या सुमारास दार वाजलं. भाऊ. मार्केटातून तसाच आलेला, खांद्यावर कापड, कांद्याचा वास.

"ताई, हायसा का? येक काम हुतं."

"या ना, आत या."

"नगं, कपडे मळल्यात." तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. "ती गोष्ट. परत येकदा वाचता का? पहिल्यापासनं."

"वहिनींकडे वही आहे की."

"फाडली तिनं. इचारलं तर म्हनती, कसली गोष्ट? पेपर बी वाचत न्हाई आता. म्हनती, घसा दुखतोय." तो जमिनीकडं बघत होता. "म्हंजे ती गोष्ट आता तुमच्याचकडं हाय."

मी कपाटातून हस्तलिखित काढलं आणि दारात, त्याच्यापासून दोन हातांवर, खाली बसून वाचायला लागले. आवाज कापरा वगैरे केला नाही. तो भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. 'ते परत वाच' आलं तिथं त्यानं मान हलवली. पत्र आलं. पिशवी आली.

"माझा पांढरा सदरा घाल त्यात."

खाली माझ्या सुंदर, टपोऱ्या अक्षरात दोन ओळी. मी पुठ्ठा मिटला.

"संपली?" त्यानं विचारलं.

"संपली."

"एवढंच लिवलंय?"

"एवढंच."

त्यानं डोळे उघडले. मिटलेल्या पुठ्ठ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, बराच वेळ.

"हां," तो म्हणाला. "ती बी असंच वाचती."

मग गुडघ्यावर हात टेकून उठला, खांद्यावरचं कापड सारखं केलं. "सांगतो तिला. ऐकली म्हनून." आणि खाली उतरायला लागला.

मी तिथंच दारात बसून राहिले. मी सुधारले, माझे डोळे उघडले, असलं काही लिहायचा मोह मला आत्ताही होतोय, पण ते खरं नाही. त्याची पावलं तळमजल्याला पोचली, दार उघडल्याचा आवाज आला, आणि तेव्हासुद्धा, देवाशपथ सांगते, मला तिचा हेवाच वाटला. त्या दोन कथांनंतर माझ्या सतरा छापून आल्या. त्यांतली एकही पुन्हा ऐकायला कुणी जिना चढून आलेलं नाही.